उपासतळ्यातले घर

सोमवार, २७ जानेवारी १९०८. दुपारी चार वाजून दहा मिनिटे. पातळी-दुर्बिणीच्या काचा मऊ कापडाने पुसत बसलो आहे.

थ्रॅक्सबीला सुखरूप पोहोचलो. गाडी वेळेवर होती. स्टेशनापासून हॉलपर्यंत, म्हणजे जमीनदाराच्या वाड्यापर्यंत, सव्वातीन मैल चाललो, वाटेत चिखल फक्त एका ठिकाणी लागला. आणि घर! अख्खे घर मला एकट्याला. खाली दगडी फरशीची एक खोली, वर माळा, धूर चांगला ओढणारी शेगडी, दाराशीच वाहता झरा. मी प्रत्येक खिडकी तीन-तीनदा उघडून पाहिली. चारही खिडक्या नीट बसतात.

हेटीला आज हे सगळे लिहिणार आहे. ग्रिम्झबी बंदरात आम्ही दोघे भावंडे जाळीवाल्यांच्या गल्लीत एका खोलीत राहतो. ती नऊ वर्षांची असताना आई गेली, त्याआधीच वडील समुद्रात बुडाले होते. तेव्हापासून तिचे सगळे मीच केले. आता तिला सतरावे लागले आहे. दिवसभर डांबर लावलेल्या दोराची जाळी विणते आणि घरी येऊन खोकते. डॉक्टर म्हणाला, हिला त्या डांबरातून काढ, नाहीतर फार तर दोन हिवाळे. म्हणून ही नोकरी. मार्चच्या पंचवीस तारखेपर्यंत माझे काम पसंत पडले तर घर कायम माझे आणि हेटीला इथे आणता येईल. या वहीत मी दुसरे काहीही विसरलो तरी हे विसरायचे नाही.

काम मोजणीचे: जमिनीची मापे घेऊन नकाशा काढायचा. हॉलच्या मागच्या कुरणात जुन्या मठाची मासळीची तळी आहेत. म्हणजे होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाने मठ मोडले, साधू पांगले, पाणी गेले. आता राहिले आहेत ते गवताने झाकलेले मातीचे बांध आणि खळगे. तीन मोठे, ओढ्याच्या ओळीने एकाखाली एक. चौथा लहान, काटकोनी, हॉलच्या स्वयंपाकघरापासून चाळीस यार्डांवर. माझे घर या चौथ्याच्या तळाशी आहे. घर खड्ड्यात कसे, असे मी हॉलचे मालक हेझलग्रेव्ह साहेबांना विचारले. ते म्हणाले, वारा लागत नाही. पटण्यासारखे आहे.

साहेबांनी शाळा किती झाली ते विचारले. बाराव्या वर्षापर्यंत, असे खरे सांगितले. पण गोदीच्या गटार खात्यात सात वर्षे मोजणीची साखळी धरली आहे, हेही सांगितले. माझे अक्षर पाहून ते बरे आहे म्हणाले.

हे सारे कथबर्ट ब्लेड्समुळे. खात्यात तो माझ्या शेजारी बसायचा. इथल्या जागेवर तोच होता. त्याने आपण होऊन पत्र लिहिले, हवा स्वच्छ आहे, घर फुकट आहे, तू ये. त्याचे आभार मानायचे राहिले. मी पुढच्या दाराने आत शिरलो तेव्हाच तो मागच्या बाजूने निघून गेला, असे हॉलच्या स्वयंपाकीण डॅनेटबाई म्हणाल्या. वाईट वाटले. त्याला पत्र लिहीन.

गुरुवार, ३० जानेवारी. दुपारी.

पहिल्या खळग्याचे माप पूर्ण झाले. बांध उंची नऊ फूट चार इंच, माथा सहा फूट रुंद, लांबी एकशे बारा यार्ड. मध्ये जिथे पाणी सोडायची मोरी होती, तिथे ओकच्या दोन फळ्या अजून मातीत आहेत. सुरीने टोचून पाहिल्या, लोखंडासारख्या टणक.

बांधांची डागडुजी करायला जेबेझ लेगट नावाचा म्हातारा आहे. सत्तरीचा असेल. कोरड्या तळ्यांना राखणदार कशाला, असे मी हसत म्हणालो. तो म्हणाला, पाणी नसलेल्या तळ्याला राखणदार आणि नवरा नसलेल्या बाईला सासू, थ्रॅक्सबीत दोन्ही मिळतं. मला हा माणूस आवडला.

त्याने चौथ्या खळग्याचे नाव सांगितले. उपासतळे. मोठ्या तळ्यातला कार्प मासा तळाच्या गाळात लोळतो. तसाच शिजवला तर तोंडात चिखल येतो. म्हणून ताटात घ्यायच्या आधी तीन-चार आठवडे त्याला या लहान तळ्यात, वाहत्या पाण्यात ठेवायचे आणि खायला काही द्यायचे नाही. आतला गाळ आपोआप निघून जातो. राखेच्या बुधवारी साधूंचे चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायचे. मांस बंद, म्हणून पहिल्याच दिवशी ताटात मासा. तो स्वच्छच लागायचा. जेबेझ म्हणाला, देवाच्या माणसांना चिखल चालत नाही, पोरा. त्यांचे उपासही चोखंदळ.

हे हेटीला लिहिले. ती हसेल.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

दुसरे आणि तिसरे तळे मोजून झाले. रोज दुपारी एक वाजता डॅनेटबाई टोपली आणतात. पहिल्या दिवशी डुकराचे मांस भरून भाजलेली पेस्ट्री आणि लोणचे होते, शनिवारी चीज आणि पाव. आज पाव आणि पाण्याची सुरई. मी तक्रार केली नाही. खरे तर भूकही नव्हती.

बाई प्रेमळ आहेत. मला राजा म्हणतात. आज टोपली ठेवताना वाकल्या आणि माझ्या मानेजवळ नाक आणून त्यांनी वास घेतला. मी दचकलो. म्हणाल्या, ग्रिम्झबीचा वास जाता जात नाही बाई. खारी मासळी, धूर, डांबर, सगळं आहे अजून. बघू, दिवस आहेत हातात. मी रोज आंघोळ करतो असे सांगितले. त्या म्हणाल्या, तो वास पाण्याने जायचा नाही, राजा.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ.

एक गोष्ट टिपून ठेवतो, कारण कदाचित ती मापाची चूक असेल.

या खळग्यातले गवत एकाच दिशेला झुकलेले असते. हॉलकडे. वारा त्याच्या उलट असला तरी. आणि ते हलते, हळूहळू, शेवाळ हलते तसे. वरच्या तीन तळ्यांतले गवत असे नाही.

दुसरे. घराच्या बाहेरच्या भिंतीवर ओल आहे. ओल कुठे नसते? पण ही ओल चारही भिंतींवर एका सरळ रेषेत संपते. मी पातळी लावून पाहिली. खळग्याच्या उतारावरही दव याच पातळीपर्यंत आहे, वर गवत कोरडे. रेषेवर खुंटी ठोकली. तळापासून दोन फूट एक इंच. पाणी कुठेही नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

रेषा तीन फूट.

खुंटी तपासली, हललेली नाही. साखळी तपासली. दुर्बीण तपासली. मग पुन्हा साखळी.

गाय कुरणातून आमच्या बांधापर्यंत येते, मान खाली घालते, पाणी प्यावे तसे ओठ हलवते आणि जाते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. दुपारी दोन.

पाच दिवस झाले, सकाळी उठतो तेव्हा फरशीवर काळा गाळ असतो. बारीक, पिठासारखा. दारे-खिडक्या बंद असतात. पहिल्या दिवशी चिमूटभर होता, आज फावडे भरून निघाला. झाडताना त्याला वास आला, तो मला ओळखीचा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेलाची गिरणी आहे, तिचा. मला इतके बरे वाटले की मी झाडू धरून उभाच राहिलो. मग गाळ बाहेर टाकला.

त्यानंतर गल्लीचे नाव आठवेना. दोन तास बसलो. पाकिटावर पत्ता लिहिलेला होता म्हणून सापडले. जाळीवाल्यांची गल्ली. वाचले तेव्हा ते कुणा दुसऱ्याच्या गल्लीचे नाव वाटले.

टोपलीत आज पाव नव्हता. फक्त पाणी. मी प्यायलो आणि पोट भरले.

रविवार, १६ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा.

चर्चला जायला निघालो. बांध सात फूट दोन इंच उंच आहे, मी स्वतः मोजला आहे. उतार सोपा. गेल्या आठवड्यात चढताना धाप लागत होती, ती मी अशक्तपणाची समजलो. आज माथ्याच्या दोन पावले खाली छाती बंद झाली. हवा नाकात येत होती पण आत जात नव्हती. तोंड उघडले, मिटले, उघडले. डोळ्यांपुढे पांढरे झाले आणि मी घरंगळत खाली आलो. खाली पडताच श्वास सुरू. मोकळा, गार.

तीनदा केले. तिन्ही वेळा तसेच. पुढच्या बाजूने, मागच्या बाजूने, मोरीच्या जागेतून.

गावातले लोक चर्चच्या कपड्यांत बांधावरून जात होते. थांबले. एक बाई दुसरीला म्हणाली, हा ब्लेड्सपेक्षा लवकर निवळला. दुसरी म्हणाली, गरिबाघरचा आहे, खाल्लेलं काय असणार आत? त्यांनी टोप्या नीट केल्या आणि गेल्या.

वडिलांचा चेहरा आठवत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी. सकाळी अकरा.

जेबेझ बांधावर बसून पाईप ओढत होता. मी खालून विचारले, ब्लेड्स कुठे गेला.

म्हणाला, सुटला तो. तू दारातून पाय आत टाकलास आणि हा मागच्या उताराने वर. खळगा रिकामा राहत नाही आणि दोघांना धरत नाही. एक आत आला की एक बाहेर.

मी म्हणालो, ब्लेड्स माझा मित्र आहे. जेबेझला हसू आले. म्हणाला, म्हणून तर तू आलास. शत्रूच्या बोलावण्याला कोण येतं?

मग सगळे सांगितले, हवापाण्याबद्दल बोलावे तसे. मठ मोडला पण जेवणारे मोडले नाहीत. राखेच्या बुधवारी ते ताटावर बसतात. दिसत कुणालाच नाहीत. तळ्यात मासा नाही, पण उपासतळ्यात जे असेल ते सकाळपर्यंत उचललेलं असतं. त्याच्या आजोबांच्या वेळी एकदा खळगा रिकामा राहिला. त्या बुधवारी गावातली तीन माणसं अंथरुणातून गेली, चादरी ओल्या. तेव्हापासून परगावचा माणूस ठेवतात. घर देतात, पगार देतात. म्हणाला, आम्ही फुकट काही घेत नाही, हां. आमचं काय चुकलं सांग.

मी फक्त तारीख विचारली. राखेचा बुधवार चार मार्चला आहे.

आणखी म्हणाला, दर वेळी कुणी ना कुणी असतोच रे, ज्याला एका पत्रावर बोलावता येतं. बहुतेकांना दोन-तीन तरी असतात.

मला एकच आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

मी हेटीला लिहिणार नाही. हे शाईने लिहितो आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी.

हेझलग्रेव्ह साहेब घोड्यावरून आले. मी खालून ओरडून सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. नकाशा कुठवर आला विचारले. मग म्हणाले, स्वयंपाकघरात काय चालतं ते मी कधीच विचारत नाही, ऑडलिंग. म्हणून तर घर नीट चालतं. माझ्या बापानेही विचारलं नाही.

नकाशा वर फेकायला सांगितला. मी गुंडाळून फेकला. त्यांनी घोड्यावरच उलगडला आणि रेखाटन सुबक आहे म्हणाले. मला आनंद झाला. तो आनंद आठवून आता लाज वाटते. पण झाला.

रेषा पाच फूट. खिडक्यांच्या वर.

सोमवार, २४ फेब्रुवारी.

हेटीचे पत्र आले. डॅनेटबाईंनी वरून टाकले. खोकला बरा आहे, खोटे बोलते. विल्फ, तुझ्या घराच्या खिडक्यांना पडदे शिवते आहे, चारच ना? असे विचारले आहे.

गाळ आज पायाच्या घोट्यापर्यंत. झाडला. त्यात आईचे गाणे होते. झाडून झाल्यावर काय झाडले ते —

बुधवार, २६ फेब्रुवारी.

पुढच्या बुधवारी.

बाई आल्या. बांधावर पालथ्या पडून वाकल्या, हुंगल्या. म्हणाल्या, आता कसं, झऱ्यासारखा झालास. डोळे पुसले त्यांनी. खरेच पुसले.

मी लिहिणार नाही.

हेटीला मैत्रिणी पुष्कळ आहेत. जाळीच्या कारखान्यात चाळीस मुली. हे कशासाठी लिहिले माहीत नाही. खोडत नाही, वहीत खाडाखोड नको.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. दुपारी तीन.

लिहिले.

चार ओळी. एकही चूक नाही. हवा स्वच्छ आहे, ये. मंगळवारी सकाळच्या गाडीने ये. स्टेशनावर कुणाला काही विचारू नकोस, सरळ ये.

ती आत आली की मी वर जाईन. वरून तिला सगळे समजावीन. ती कुणा एका मुलीला लिहील. ती मुलगी आणखी कुणाला. असे चालत राहील, बुधवारी जो असेल तो — तो आपला कुणी नसेल. मी हे नीट विचार करून ठरवले आहे.

बाईंनी पत्र घेतले. एप्रनला हात पुसून घेतले. म्हणाल्या, शहाणा आहेस.

रविवार, १ मार्च.

पत्र परत मागितले. गेले म्हणाल्या. दुसरे लिहिले, येऊ नकोस. वर फेकले. बांधावर पडले आहे. लोक त्याच्या बाजूने चालतात. कुणी तुडवतही नाही.

सोमवार, २ मार्च. सकाळी.

तिला लिहायला दिवस मिळणार नाहीत. मंगळवारनंतर बुधवार. मी मोजले नव्हते. मी. मी मोजले नव्हते.

जेबेझला म्हणालो, तिच्यात गाळ असेल, तीन-चार आठवडे लागतील, तुम्हीच म्हणालात. यंदा तिला घेणार नाहीत ना?

पाईप झटकत म्हणाला, छातीची आजारी ना? जेवत नाही म्हणालास. अशा पोरींत गाळ कितीसा असतो. एका दिवसात होतं.

मग म्हणाला, तुला माहीतच होतं, पोरा. नसतं तर मंगळवार कशाला लिहिला असतास?

नव्हते माहीत.

रेषा सहा फूट अकरा इंच. वर तीन इंच कोरडे.

मंगळवार, ३ मार्च. दहा वाजून चाळीस.

गाडी दहाला येते. सव्वातीन मैल.

ठरवले. ती दिसली की ओरडायचे. खालचा आवाज वर पोहोचतो, लोक ऐकतात. परत जा, एवढे दोनच शब्द. म्हणून पाहिले. येतात.

मी राहीन. उद्या जे व्हायचे ते मला होऊ दे. हे शाईने.

अकरा पाच.

उद्यापासून उपास, म्हणून गावात कुठेतरी पॅनकेक भाजत आहेत. मुलांचा आरडाओरडा. कुणी इकडे बघत नाही.

अकरा बारा.

ती. निळी शाल. हातात गाठोडे — पडदे असतील. फाटकाशी डॅनेटबाई आहेत, तिचा हात धरून बांधाकडे आणत आहेत. हेटी खोकते. थांबते. पुन्हा चालते.

मी उतारावर, रेषेच्या जरा खाली. वही गुडघ्यावर.

ती माथ्यावर आली. मला पाहिले. विल्फ म्हणाली. किती रे बारीक झालास, म्हणाली. हसली.

बाईंनी हात सोडला.

तिचा एक पाय आत आला. अजून कोरड्या गवतात. रेषेपर्यंत दोन पावले. अजून परत फिरता येईल, दोन शब्द —

तोंड उघडले. हवा आली.

आत गेली! माझ्या छातीत. वरची, कोरडी, धुराचा वास असलेली. तीन आठवड्यांनी. पॅनकेकचा वास. ओरडायला आता भरपूर श्वास आहे. ओरडतो. आधी एक घेतो, मोठा, म्हणजे आवाज नीट —

दीड पाऊल.

आणखी एक. किती गोड —

ती हात पुढे करते आहे.

ओरडतोच. एवढा एकच श्वा